श्रेणीबरोबर एक वाक्यही द्या

मा. कला संचालक,
कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



मी धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुम या गावी मुलांना चित्रकला शिकवतो. उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं हे नगरपरिषदेचं गाव. आपल्या संचालनालयातर्फे होणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची, तयारी करणारी मुलं माझ्यासमोर बसतात. हे पत्र त्या परीक्षांबद्दल आहे. ते खुलं ठेवलं, कारण त्यातलं बरंचसं मला माझ्यासारख्या कलाशिक्षकांना आणि पालकांनाही सांगायचं आहे.

मागणी आधीच सांगतो. मुलाला श्रेणी द्या, पण तिच्याबरोबर त्याच्या चित्राबद्दल एक वाक्य द्या. रेषा कुठं बिघडली, खोका का कलंडलेला दिसतो, घागरीचं तोंड का पटत नाही, यातलं एक काहीतरी त्याला कळू द्या.

दोन दिवस परीक्षा चालते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन मिळून एक, असे चार पेपर. महाराष्ट्रातली लाखो मुलं पाव इंपीरियल कागद, पॅड आणि कंपास पेटी घेऊन केंद्रांवर जातात. नंतर निकाल लागतो आणि हातात येतं ते एक अक्षर: अ, ब किंवा क. 'ब' मिळालेल्या मुलीला कळत नाही की तिचा तांब्या चुकला, संकल्पचित्रातला रंग फिसकटला की अक्षरांमधलं अंतर बिघडलं. ती पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला बसते आणि तोच तांब्या तसाच काढते. दहावीच्या निकालात इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात, अ ला ७, ब ला ५, क ला ३. म्हणजे त्या अक्षराला वजन आहे. ते अक्षर कशावरून ठरलं हे जाणून घेण्याचा मुलाचा हक्क म्हणूनच जास्त आहे.

मी इथं रेषा आणि पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे यथार्थदर्शन, या दोनच गोष्टींवर लिहिणार आहे. रंगाची आवड ज्याची त्याची असते, संकल्पचित्राला चार बरोबर उत्तरं असू शकतात. पण रेषा कुठं वाकली आणि खोक्याच्या कडा कुठं फाकल्या हे बोट ठेवून दाखवता येतं. जिथं दाखवता येतं तिथं न सांगण्याला काही कारणच उरत नाही.

रेषेपासून सुरुवात करतो. नवशिक्या मुलाची रेषा वेगवेगळ्या कारणांनी बिघडते, आणि आपण मात्र सगळ्यांना एकच शेरा देतो: 'रेषा कच्ची'. एका मुलाची रेषा थरथरते. तो पेन्सिलीच्या टोकाकडे टक लावून, श्वास रोखून, अगदी सावकाश ओढत असतो. त्याला 'नीट काढ, घाई करू नको' म्हटलं की तो आणखी सावकाश ओढतो आणि रेषा आणखी थरथरते. त्याला वेग हवा आहे. दोन टोकांना दोन ठिपके दे, हात कागदाच्या किंचित वर धरून त्या वाटेनं दोन-तीनदा फिरव, नजर शेवटच्या ठिपक्यावर ठेव आणि एका दमात ओढ, हे त्याला सांगायचं. दुसऱ्याची रेषा गुळगुळीत येते, पण मध्येच कमान घेते आणि ठिपका चुकवते. त्याचं मनगट किंवा कोपर टेबलावर टेकलेलं असतं. टेकलेल्या जागेभोवती हात फिरला की वर्तुळाचा तुकडाच निघणार, सरळ रेषा निघणारच नाही. हात खांद्यापासून हलव, नाहीतर कागद सोयीचा फिरवून घे, एवढं त्याला पुरतं. तिसरं मूल तुकड्यातुकड्यांनी, पुढंमागं घासत रेषा काढतं, त्यामुळे ती केसाळ दिसते. तिथं अडचण हाताची नसून धास्तीची असते. एक रेषा ठामपणे काढली आणि ती चुकली तर काय, म्हणून ते दहा रेषा काढून त्यातली बरोबर कोणती हे पाहणाऱ्यावर सोडतं. अशा मुलाच्या हातून खोडरबर काही दिवस काढून घ्यावा. चुकलेली रेषा तशीच राहू द्यावी आणि शेजारी दुसरी काढायला लावावी. दोन्ही कागदावर असल्या की कुठली बरी हे ते स्वतःच ओळखतं.

हे तीनही विद्यार्थी 'रेषा कच्ची' हा शेरा घेऊन घरी जातात. तिघांचं औषध निराळं आहे. हा फरक शेऱ्यात यायला हवा.

आमच्याकडच्या मुलींच्या बाबतीत मला एक गोष्ट नेहमी दिसते. सणासुदीला अंगणात सडा टाकून ठिपक्यांची रांगोळी काढताना याच मुलींची रेषा न थांबता, न थरथरता एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत जाते. तिथं हात टेकायला जागा नसते, म्हणून तो आपोआप खांद्यापासून फिरतो. तीच मुलगी वर्गात पेन्सिल टोकाशी घट्ट धरते आणि म्हणते, 'सर, रेषा हलायली.' तिला चार तत्त्वं सांगण्यापेक्षा मी जमिनीवर मोठा कागद पसरून तिला खडू देतो आणि रांगोळीचा हात आण म्हणतो. खडूनं जमलं की पेन्सिल जरा मागं धरायला सांगतो. तिच्याकडे रेषा होतीच. ती कागदावर आणायची वाट कुणी दाखवली नव्हती.

आता खोका. वस्तुचित्रात खोका किंवा पुस्तक ठेवलं की निम्म्या वर्गाच्या कागदावर मागं जाणाऱ्या कडा जवळ येण्याऐवजी फाकतात. मुलाला माहीत असतं की खोक्याच्या समोरासमोरच्या कडा सारख्या आहेत. मागची बाजू लपते आहे असं वाटून ते ती जरा मोठी करून दाखवतं. म्हणजे डोळ्याला दिसतं त्यापेक्षा मनाला माहीत असलेलं ते काढतं. त्याला 'पर्स्पेक्टिव्ह चुकलं' एवढंच लिहिलं तर ते पुढच्या वेळी अंदाजानं कडा कशातरी जवळ आणतं, आणि दोन बाजूंच्या कडा दोन भलत्याच दिशांना जातात.

मी काय करतो ते सांगतो. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि मुलालाच पट्टी देऊन मागं जाणारी प्रत्येक कड रंगीत पेन्सिलीनं पुढं वाढवायला लावतो. मग बोलायची फारशी गरज पडत नाही. रेषा फाकत गेल्या तर ते मूल स्वतःच 'अय्यो' म्हणतं. एकाच दिशेच्या कडा तीन वेगळ्या जागी एकमेकींना छेदत असतील तर तेही दिसतं. कधी कडा बरोबर एकत्र येतात, पण खोक्याच्या अगदी जवळच, आणि खोका समोरच्या कोपऱ्यातून अंगावर आल्यासारखा दिसतो. इथं लोपबिंदू, म्हणजे मागं जाणाऱ्या कडा जिथं मिळतात ते बिंदू, फार जवळ घेतलेले असतात. डोळ्यापुढच्या साधारण ६० अंशांच्या कोनात जे मावतं तेवढंच विद्रूप न होता काढता येतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून कोपऱ्यावरून दिसणाऱ्या खोक्याचे दोन लोपबिंदू बऱ्याचदा कागदाच्या बाहेर, बाकावर कुठंतरी जातात. ही एवढी गोष्ट कळायला एक ओळ पुरेल: 'बिंदू कागदाबाहेर ने.' आणि दोन्ही बिंदू डोळ्याच्या एकाच पातळीवर हवेत. एक वर, एक खाली झाला की सपाट टेबलावर ठेवलेला खोका घसरल्यासारखा दिसतो.

उभ्या कडांचं तर सोपं आहे. त्या कलल्या की बहुतेक वेळा पॅड मांडीवर तिरकं धरलेलं असतं. तिथं मुलाची बसायची पद्धत बदलावी लागते. पेन्सिलीनं माप घेतानाही तसंच. हात एकदा ताठ आणि एकदा कोपरात वाकवून माप घेतलं की घागरीची उंची आणि रुंदी दोन वेगवेगळ्या मापांत येते, आणि मूल बिचारं प्रामाणिकपणे चुकीचं प्रमाण काढत राहतं. अशा चुका पाहणाऱ्याला कागदावरून ओळखता येतात. ओळखता येतात म्हणून त्या लिहाव्यात.

माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती गोल वस्तूंच्या तोंडाशी आणि तळाशी. तांब्या, पेला, बादली, घागर. तोंड ते पूर्ण गोल काढतात आणि तळ एका सरळ रेषेत संपवतात. तांब्या सपाट टेबलावर आहे, मग तळ सपाटच असणार, हा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात वस्तू डोळ्याच्या खाली ठेवलेली असेल तर तळाची कड तोंडापेक्षा जास्त फुगीर दिसते, कारण ती डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली आहे. शिवाय या चपट्या दिसणाऱ्या गोलाच्या, म्हणजे लंबवर्तुळाच्या, दोन टोकांना मुलं कोपरे काढतात. लंबवर्तुळाला कोपरा कुठंच नसतो. यासाठी वर्गात स्टीलचा पेला फिरवावा. मूल तो दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरतं, हळूहळू वर आणतं, आणि तोंडाचा गोल चपटा होत होत एका क्षणी नुसती आडवी रेषा उरते. आणखी वर नेला की तळ दिसू लागतो. ज्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं त्याला लंबवर्तुळाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. शेऱ्यात लिहायचं ते एवढंच: 'पेला डोळ्यासमोर वर-खाली करून पाहा, मग तळ पुन्हा काढ.'

मला वाटतं चांगल्या शेऱ्यात नेमकं हेच असावं. त्यात पुढची कृती असावी. 'प्रमाणबद्धता नाही', 'निरीक्षण कमी', 'सराव हवा' ही वाक्यं खरी असतील, पण ती वाचून मूल दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार? आणि एका कागदावर एकच गोष्ट सांगावी. पाच चुका दाखवल्या की मुलाला एवढंच ऐकू येतं की आपल्याला जमत नाही.

स्मरणचित्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं आमच्या मुलांची खरी श्रीमंती दिसते. आमच्या भागात वेळा अमावास्या, म्हणजे येळवस, मोठा सण. घरंच्या घरं बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पांडव मांडतात, आंबील आणि भज्जी खातात. स्मरणचित्राला सण किंवा सहलीचा विषय निघाला की मुरुमची मुलं येळवस काढतात आणि ती मनापासून काढतात. कोपीचा आकार, आंबिलीचा बिंदगा, झाडाला बांधलेला झोका, यातलं काही सुटत नाही. पण माणसं बहुधा गडबडतात. लांबची माणसं लहान काढायची हे मुलाला शिकवलेलं असतं, म्हणून ते त्यांना लहान करतं आणि वर सरकवतं, आणि ती माणसं हवेत तरंगायला लागतात.

यावरचा शेरा एका प्रश्नात मावतो: 'तू हे कुठून पाहतो आहेस?' मूल शेतात उभं असेल तर सपाट रानात त्याच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात, माणूस जवळचा असो की बांधावरचा. पाय वर सरकत जातात, डोळे तिथंच राहतात. मूल कोपीत मांडी घालून बसलं असेल तर ती रेषा खाली येते, बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या कमरेच्या जरा खाली. हा प्रश्न एकदा पडला की चित्राची बैठक बदलते. आणि तो फक्त चित्रकलेचा प्रश्न राहत नाही, मूल स्वतःला त्या शेतात नेऊन बसवतं. 'पार्श्वभूमी सुधारा' असं लिहून हे होत नाही.

सरळ रस्ता दूर जाताना निमुळता होतो हे दाखवायला आम्हाला चित्रांची पुस्तकं लागत नाहीत. १९९३च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर या पट्ट्यात अनेक गावं नव्यानं वसवली गेली. जुन्या गावांत वळणावळणाच्या बोळी आणि दगडी भिंतींची माळवदाची घरं होती, नव्या वसाहतींत आखलेले सरळ रस्ते आणि एका उंचीच्या घरांच्या रांगा आल्या. त्या गावांमागचं दुःख मोठं आहे आणि ते इथं उदाहरण म्हणून वापरताना मला संकोच वाटतो. पण तिथल्या मुलांनी रस्त्याच्या टोकाला उभं राहून आपलं गाव काढावं असं मला मनापासून वाटतं. ते त्यांचं गाव आहे आणि पर्स्पेक्टिव्हचा धडा त्यांच्या दारात आहे.

एक सावधगिरी मात्र शेरा लिहिणाऱ्यानं बाळगावी. एका जागी उभं राहून, एका डोळ्यानं पाहिल्यासारखं काढायचं ही रीत माणसाला जन्मजात येत नाही. ती पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं प्रयोगानं दाखवली आणि अल्बर्टी या विद्वानानं १४३५ मध्ये ग्रंथात मांडली. आपल्याकडं ती कंपनी सरकारच्या आणि पुढं इंग्रजी अमलाच्या काळातल्या कलाशिक्षणातून रुजली. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. त्याआधी इथं चित्रं नव्हती असं थोडंच आहे? सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्याच सुलतानाच्या विजापूर दरबारातले चित्रकार फार वरच्या दर्जाचं काम करत होते, आणि दख्खनी चित्रांत इमारत समोरून दिसते तर तिच्यासमोरचा गालिचा वरून पाहिल्यासारखा सपाट पसरलेला असतो. ती चूक नव्हती. त्यांना प्रत्येक वस्तू तिच्या सर्वात स्पष्ट बाजूनं दाखवायची होती. टेबलाचे चारही पाय आणि वरचा पूर्ण चौकोन काढणारं मूल तेच करत असतं. त्याला 'चूक' म्हणू नये. 'या पेपरमध्ये एका जागेवरून दिसतं तेच काढायचं आहे' असं म्हणावं. मुलाची नजर खोटी ठरत नाही, आणि परीक्षेत काय हवं आहे हेही त्याला कळतं.

कलाशिक्षक बंधू-भगिनींनो, एक विनंती तुम्हालाही करतो. मुलाच्या हातून पेन्सिल घेऊन त्याच्या चित्रावर आपली रेषा ओढू नका. वर्गात ही फार जुनी सवय आहे, आणि ती प्रेमापोटीच असते. आपल्या हाताला ती कड क्षणात जमते, चित्र सुधारल्यासारखं दिसतं, पण मुलाला दिसतं ते एवढंच की आपल्याकडून न झालेलं सरांनी केलं. कोपऱ्यात काढून दाखवा, ट्रेसिंगवर काढा, फळ्यावर काढा. त्याची रेषा त्याचीच राहू द्या. आणि 'छान' हा शब्दही जपून वापरा. छान काय आहे ते सांगा. 'या बादलीच्या कडीची जाडी तू दोन रेषांनी दाखवलीस, म्हणून ती लोखंडाची वाटते' असं ऐकलेलं मूल पुढच्या बादलीला आणखी बारकाईनं पाहतं. पालकांनो, तुम्हाला चित्रातलं कळायलाच हवं असं नाही. 'हे तू कुठं बसून काढलंस?' एवढं विचारा आणि त्याच्या जागी बसून पाहा. त्याचं चित्र निम्मं तिथंच समजतं.

आता संचालनालयाकडं पुन्हा वळतो. लाखो कागद, प्रत्येकाचे चार पेपर, आणि परीक्षकांना ठरलेल्या दिवसांत संपवायचं काम. प्रत्येक कागदावर हातानं वाक्य लिहिणं शक्य नाही हे मला कळतं. पण नवशिक्यांच्या चुका अनंत नसतात. वस्तुचित्रापुरतं बोलायचं तर वर लिहिलेल्या आणि त्यांच्यासारख्या मिळून एका छोट्या छापील चिठ्ठीवर मावतील इतक्याच नेहमीच्या चुका असतात. प्रत्येकीपुढं चिमुकली आकृती आणि एका ओळीत पुढची कृती छापावी. परीक्षकानं कागद पाहताना एका चौकटीत खूण करावी आणि तीच निकालाबरोबर मुलापर्यंत यावी. श्रेणी ठरवताना परीक्षकाला ती चूक दिसलेलीच असते. तिच्यावर खूण करायला फार वेळ लागणार नाही. आकृती असण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. आमच्या वर्गात घरी कानडी बोलणारी मुलं आहेत. 'लंबवर्तुळ', 'लोपबिंदू', 'यथार्थदर्शन' हे शब्द मराठी बोलणाऱ्या मुलालाही नवखे, तर त्यांना किती असतील? दोन रेषांची आकृती सगळ्यांना सारखी कळते.

प्रत्येक मुलापर्यंत पोचणं पहिल्या वर्षी जड वाटत असेल, तर निदान प्रत्येक केंद्राला अर्ध्या पानाचा अभिप्राय पाठवावा. या केंद्रातल्या बहुतेक मुलांचे तळ सपाट आहेत, किंवा इथली रेषा चांगली आहे पण प्रमाण चुकतं आहे, एवढं कलाशिक्षकाला कळलं तरी तो पुढचं वर्ष त्यावर घालवेल. आज आम्ही अंदाजानं शिकवतो. आपल्या मुलांना 'अ' का मिळाली आणि शेजारच्या केंद्रावर 'क' का आल्या याचा शोध आम्ही निकालाचे तक्ते समोर ठेवून घेतो, आणि तक्त्यात ते लिहिलेलं नसतं.

आणखी एक लहान सूचना आहे. वस्तुचित्राच्या वेळी मुलं मांडणीभोवती गोलाकार बसतात. कुणी बुटक्या स्टुलावर, कुणी जमिनीवर, कुणी अगदी कोपऱ्यात. प्रत्येकाला ती घागर निराळ्या उंचीवरून आणि निराळ्या बाजूनं दिसते. परीक्षकाच्या हाती मात्र नुसता कागद जातो. मूल कुठं बसलं होतं हे त्याला माहीत नसतं. मुलांना कागदाच्या कडेला डोळ्याच्या पातळीची एक बारीक आडवी खूण करायची मुभा द्या, त्यासाठी नियमात एक ओळ घाला. मग परीक्षक त्या मुलाचं चित्र त्याच्याच डोळ्यानं तपासू शकेल. वर्गात मी ही खूण करायला लावतो. खूण करण्यासाठी मुलाला आधी थांबून आपला डोळा कुठं आहे हे पाहावं लागतं, आणि पर्स्पेक्टिव्हची निम्मी शिकवण त्या थांबण्यातच होते.

कुणी म्हणेल, परीक्षेचं काम परीक्षा घेण्याचं आहे, शिकवायचं काम शाळेचं. हे मोठ्या शहरात पटेल. तिथं मुलाला चित्रकलेचा क्लास असतो, प्रदर्शनं असतात, कुणी मामा किंवा ताई जे. जे. मधून शिकून आलेली असते. आमच्या भागात अनेक शाळांत कलाशिक्षकाची जागा रिकामी आहे. दुसऱ्या विषयाचे शिक्षक जमेल तशी तयारी करून घेतात आणि मुलं जिद्दीनं परीक्षेला बसतात. अशा मुलाच्या चित्राकडं जाणत्या माणसानं पाहण्याची वेळ वर्षात एकदाच येते, ती आपल्या परीक्षकाच्या टेबलावर. त्या माणसानं जे पाहिलं ते मुलापर्यंत न पोचता तिथंच संपावं, हे मला सोसवत नाही.

१९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झालं, आणि बाबुराव सडवेलकरांसारखे चित्रकार संचालक म्हणून तिथं बसले. तिथं रेषेची किंमत जाणणारी माणसं असतात या विश्वासानं हे पत्र आपल्याला लिहिलं. येत्या परीक्षेला एकाच जिल्ह्यात, एकाच पेपरपुरता हा प्रयोग करून पाहावा. तो जिल्हा धाराशिव असेल तर वस्तुचित्राच्या चिठ्ठीचा मराठी मसुदा आकृत्यांसह मी तयार करून पाठवतो. उमरगा तालुक्यातल्या कलाशिक्षकांना दाखवून, मुलांच्या चित्रांवर वापरून पाहून, मगच तो आपल्या टेबलावर येईल. आपल्या होकाराची वाट पाहतो.

कळावे,
आपला,
एक कलाशिक्षक
मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव